बारा आठवडे जव, ओट्स आणि भाकरी: एलडीएल किती उतरतं, कुठे अडतं

‘एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, वाढलंय; खाणं सांभाळा, तीन महिन्यांनी परत तपासू’ एवढ्यावर दवाखान्यातून सुटलेली माणसं आहाराचा सल्ला घ्यायला आमच्यासमोर येऊन बसतात, तेव्हा बहुतेकांनी दोन कामं आधीच उरकलेली असतात. घरातली अंडी बंद झालेली असतात आणि मल्टिग्रेन आट्याची पाच किलोची पिशवी आलेली असते. पिशवी उलटी करून घटक वाचले की पहिलं नाव गव्हाचं निघतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचा नियम आहे, त्यामुळे गव्हानंतर येणारे सोया, मका, ओट्स, हरभरा यांची नुसती चिमूट-चिमूट असू शकते. हे पीठ वाईट नाही. पण त्यानं एलडीएल उतरेल या आशेवर तीन महिने काढले तर दुसरा रिपोर्ट जवळपास पहिल्यासारखाच येतो.

याचं कारण, ‘अख्खं धान्य’ ही काही एक वस्तू नव्हे. गव्हाचा कोंडा पाण्यात विरघळत नाही. तो पोट साफ ठेवतो आणि बराचसा तसाच बाहेर पडतो. कोलेस्ट्रॉलवर काम करतो तो पाण्यात फुगून चिकट होणारा तंतू. रोजच्या धान्यांत तो भरपूर सापडतो दोनच ठिकाणी, ओट्समध्ये आणि जवात. त्याचं नाव बीटा-ग्लुकन. तो शरीरात शोषला जात नाही, रक्तात जात नाही, तरी रक्तातलं कोलेस्ट्रॉल कमी करतो. हे कसं होतं ते समजलं की स्वयंपाकघरातल्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

यकृत कोलेस्ट्रॉलपासून पित्ताम्लं बनवतं. ती आतड्यात उतरतात, तेल-तूप पचवायला मदत करतात आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात जवळजवळ सगळी परत शोषली जाऊन यकृताकडे जातात. हा फेरा दिवसातून अनेकदा होतो. बीटा-ग्लुकनचा चिकट लगदा या वाटेत आडवा येतो, त्यात अडकलेली पित्ताम्लं मळावाटे निघून जातात. तूट भरायला यकृताला नवी पित्ताम्लं बनवावी लागतात आणि त्यासाठी लागणारा माल ते रक्तातल्या एलडीएलमधून ओढून घेतं. म्हणजे सगळी भिस्त चिकटपणावर. शिजवलेली पेज चमच्यावरून जाडसर तार धरून उतरली तर तंतू शाबूत आहे असा अंदाज बांधता येतो. पाणी एकीकडे आणि दाणे एकीकडे अशी फुटली तर काहीतरी बिनसलंय.

ही माहिती नवी नाही. १९६३ मध्येच नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ओट्स घातलेला पाव खाऊ घालून कोलेस्ट्रॉल उतरल्याचं दाखवलं होतं. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या शेवटी ओट ब्रॅनची, म्हणजे ओट्सच्या कोंड्याची, लाट आली आणि १९९० मध्ये बोस्टनच्या एका छोट्या अभ्यासानं ती ओसरली, कारण त्यात कमी तंतूंचा गहू खाणाऱ्यांचंही कोलेस्ट्रॉल तेवढंच उतरलं. त्या अभ्यासातले लोक निरोगी होते आणि त्यांचं कोलेस्ट्रॉल मुळात वाढलेलं नव्हतं, हा भाग वेगळा. पण त्यातली एक गोष्ट आजही लागू पडते. नवं धान्य ताटातून काय बाहेर काढतं, हेही रिपोर्टमध्ये उमटतं. पुढे बऱ्याच चाचण्या झाल्या. १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ओट्सच्या पाकिटावर हृदयरोगाचा धोका कमी होण्याबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली, नंतर जवालाही. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन हा आकडा तिथला; युरोपातल्या अन्नसुरक्षा यंत्रणेनंही तोच धरला आहे.

या ३ ग्रॅमनं एलडीएल साधारण ५ ते ७ टक्के उतरतं. एलडीएल १६० असेल तर ८ ते ११ मिलिग्रॅम. एवढंच? असं विचारणारे बरेच असतात. हो, एवढंच, आणि हे पहिल्या दिवशी सांगितलेलं बरं. त्याबरोबर वनस्पती तूप, फरसाण, बेकरीचे पदार्थ कमी झाले, रोज वाटीभर जास्त उसळ-आमटी पोटात गेली, थोडं वजन उतरलं, तर सगळं मिळून १५ टक्क्यांच्या आसपास जाता येतं. कोलेस्ट्रॉल उतरवणारी स्टॅटिन गटातली गोळी एकटी ३० ते ५० टक्के उतरवते. त्यामुळे गोळी चालू असेल तर जव-ओट्सच्या भरवशावर ती बंद करायची नाही. हे धान्य गोळीच्या जोडीला असतं.

सुरुवात प्रयोगशाळेपासून करावी लागते. एका रिपोर्टवर मोजमाप सुरू केलं तर फसगत होते, कारण काहीही बदल न करता एकाच माणसाचं एलडीएल आठवड्या-आठवड्याला ५ ते १० टक्के खाली-वर होतं. म्हणजे आपल्याला जो फरक शोधायचाय, तेवढाच फरक नुसत्या योगायोगानंही दिसू शकतो. म्हणून धान्य बदलायच्या आधी दोन ते तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन नमुने, एकाच प्रयोगशाळेत, रात्रीच्या १० ते १२ तासांच्या उपाशीपोटी द्यायचे आणि सरासरी धरायची. पाणी प्यायलेलं चालतं. नुकताच ताप, संसर्ग, शस्त्रक्रिया झाली असेल तर काही आठवडे थांबायचं, कारण आजारपणात एलडीएल खोटंच कमी दिसतं. आदल्या रात्री लग्नाची पंगत किंवा दारू झाली असेल तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, फुगलेले येतात.

रिपोर्टवरचं एलडीएल पुष्कळदा मोजलेलं नसतं, हिशेबानं काढलेलं असतं. एकूण कोलेस्ट्रॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्ट्रॉल) वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. एकूण २४०, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड २०० असेल तर २४० उणे ४२ उणे ४०, म्हणजे १५८. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असले की हे सूत्र चालत नाही, एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं. याच वेळी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, करून घेतलेली बरी. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल त्यामुळेच चढलेलं असतं, आणि मग कितीही जव शिजवले तरी मूळ दुखणं तसंच राहतं.

आता बाजार. इथे पहिला घोळ नावांचा. जव आणि जवस या दोन वेगळ्या गोष्टी. जवस म्हणजे अळशी, चटणीचं तेलबी. जव म्हणजे बार्ली. निरोप तोंडी गेला तर हमखास जवस घरी येते. दुसरा घोळ सातूचा. मराठीत सातू म्हणजे जवच, पण सातूचं पीठ म्हणून पाकिटात जे मिळतं ते बहुतेक वेळा भाजलेला गहू आणि डाळ्यांचं असतं, आणि उत्तर भारतीय दुकानातला सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. दोन्ही पौष्टिक, पण आपल्या ३ ग्रॅमच्या हिशेबात धरता येत नाहीत. पाकीट उलटं करून ‘जव’ किंवा ‘बार्ली’ हा शब्द पहिला आहे का ते बघायचं.

तिसरा घोळ खुद्द जवात. पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतात ते जव टरफलासकट असतात, टोकदार, गवती रंगाचे. ते टरफल दाण्याला चिकटलेलं असतं, पाखडून जात नाही आणि शिजवलं तरी घशाला टोचतं. ते घ्यायचे नाहीत. खायला लागतात ते सोललेले जव, किंवा पर्ल बार्ली. पर्ल बार्ली पॉलिश केलेली असते, त्यामुळे काटेकोरपणे ती अख्खं धान्य नव्हे. तरी आम्ही ती चालवून घेतो, कारण जवाचं बीटा-ग्लुकन सालीतच नसतं, दाण्याच्या गाभ्यापर्यंत पसरलेलं असतं. पॉलिशनं कोंड्यातली जीवनसत्त्वं आणि खनिजं जातात, चिकट तंतू बराचसा राहतो. ओट्सचं तसं नाही. त्यात तो बाहेरच्या थराकडे जास्त, म्हणून ओट ब्रॅन ओट्सपेक्षा तेज.

ओट्स साधे घ्यायचे, रोल्ड (चपटे केलेले) किंवा स्टील कट (तुकडे केलेले). झटपट शिजणारे ओट्स कोलेस्ट्रॉलच्या दृष्टीनं कमी नाहीत, बीटा-ग्लुकन वजनाला तेवढंच असतं. मात्र ते भराभर पचतात आणि मधुमेह असलेल्यांची साखर लवकर चढवतात. मसाला ओट्सचं पाकीट म्हणजे मीठ, थोडी साखर आणि जेमतेम ४० ग्रॅम माल.

वजन काट्यावर करायचं. रोल्ड ओट्समध्ये बीटा-ग्लुकन साधारण ४ टक्के, जवात साधारण ४ ते ५ टक्के. नुसत्या ओट्सवर ३ ग्रॅम गाठायचे तर रोज कोरडे ७५ ग्रॅम लागतात, म्हणजे घरातल्या मध्यम वाटीनं दीड वाटी. रोज एवढे ओट्स खाणारा मराठी माणूस दुसऱ्या आठवड्यात कंटाळतो. म्हणून आम्ही वाटणी करतो. सकाळी ४५ ग्रॅम ओट्स, त्यातून १.८ ग्रॅम. आणि दिवसभरात दोन भाकऱ्या, ज्यांच्या ९० ग्रॅम पिठात ३० ग्रॅम जवाचं पीठ, त्यातून १.३ ग्रॅमच्या आसपास. बेरीज ३ च्या थोडी वर जाते. ओट्स अजिबात घशाखाली उतरत नसतील तर दुपारच्या भाताच्या जागी कोरडे ४० ग्रॅम जव शिजवून आणि भाकऱ्या तशाच. या दोहोंतून ३ ग्रॅम जमतात.

ओट्सची तिखट पेज अशी. ४५ ग्रॅम ओट्सना ३०० मिली पाणी. चमचाभर तेलात जिरं, कढीपत्ता, मिरची, हळद, मग बारीक चिरलेलं गाजर, फरसबी, मटार. पाणी घालून उकळी आली की ओट्स आणि मंद आचेवर ७ ते ८ मिनिटं. दोन मिनिटांत उतरवलेले ओट्स वरून मऊ दिसतात, पण तंतू पूर्ण फुगून पाण्यात उतरलेला नसतो. गॅस बंद करून ५ मिनिटं झाकून ठेवायचं, मग अर्धी वाटी ताक. ताक उकळीत घातलं तर फाटतं. ओट्स धुवायचे नाहीत, आणि भिजवले तर ते पाणी ओतून द्यायचं नाही. तंतू त्याच पाण्यात उतरतो.

सोललेले जव रात्रभर भिजत घालायचे, सकाळी तिप्पट पाण्यात कुकरला ६ ते ७ शिट्ट्या. पर्ल बार्लीला ४ पुरतात. पाणी मोजूनमापून घातलं तर उरत नाही. उरलंच तर कढीत किंवा आमटीत. ‘बार्लीचं पाणी’ पिणारे पुष्कळ भेटतात: दोन चमचे जव लिटरभर पाण्यात उकळायचे, गाळून पाणी प्यायचं आणि जव टाकायचे. त्यात माल मुळातच दोन चमचे, त्यातलाही बराचसा चाळणीत राहतो. तहान भागते, एलडीएलला ढिम्म फरक पडत नाही.

भाकरीला ज्वारी दोन भाग, जव एक भाग. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे कणकेला लवचिक करणारं प्रथिन, नसतं, तिचं पीठ उकळत्या पाण्यानंच धरतं, कारण गरम पाण्यात पिष्ट फुगून चिकटा तयार होतो. जवात थोडं ग्लुटेन असतं पण पोळीसारखी लवचिकता येण्याइतकं नाही. ९० ग्रॅम पिठाला ८० ते ९० मिली उकळतं पाणी लागतं, जुन्या ज्वारीला किंचित जास्त. चमच्यानं कालवून झाकायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या मुळानं रगडून मळायचं आणि लगेच थापायचं. जवाचं पीठ मळून ठेवलं की पाणी ओढून चिकचिकीत होतं, परातीला धरतं. मग लोक वरून गव्हाचं पीठ घालत सुटतात आणि जवाचं प्रमाण घसरतं. थापताना पिठी ज्वारीचीच घ्यावी. भाकरीच्या कडा चिरत असतील तर पाणी उकळतं नव्हतं किंवा मळणं कमी पडलं. फुगली नाही तर काळजी नको, जवाच्या भाकऱ्या कमीच फुगतात. त्या गरम असतानाच खाव्यात, गार झाल्या की चिवट होतात आणि त्याचा दोष उगाच सुगरणीवर येतो.

थालीपिठाच्या भाजणीत जव फार छान बसतात. किलोभर भाजणीला ज्वारी ४०० ग्रॅम, जव ३००, बाजरी १००, हरभरा डाळ १००, उडीद डाळ ५०, धणे ४०, जिरं १०. तांदूळ वगळलाय. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर, वास सुटेपर्यंत. जव भाजताना तडतडतात आणि रंग सांगत नाहीत, एक दाणा चावून बघायचा. ६० ग्रॅम भाजणीच्या एका थालीपिठात साधारण १८ ग्रॅम जव येतात, म्हणजे ०.८ ग्रॅम बीटा-ग्लुकन. थालीपिठाला पाच भोकं पाडून प्रत्येकात तेल सोडण्याची आपली पद्धत मात्र मोडावी लागते. मधल्या भोकात चमचाभर आणि वर झाकण, तेवढ्यात खरपूस होतं.

आता एक गोष्ट जी जाणकार गृहिणींनाही पटायला वेळ लागतो. मोड आणणं आणि आंबवणं एरवी चांगलं, इथे नाही. जवाला मोड यायला लागले की त्यात बीटा-ग्लुकन तोडणारं विकर (एन्झाइम) तयार होतं. दाणा आपलं बी उगवायला भिंती पाडत असतो. लांबलचक साखळी तुटली की ग्रॅम तेवढेच राहतात, चिकटपणा जातो, आणि चिकटपणा गेला की कामही जातं. म्हणून मोडाच्या जवाचं सत्त्व लहान मुलांना द्यावं, कोलेस्ट्रॉलसाठी नको. ओट्स कारखान्यात वाफवलेले असल्यामुळे त्यांचं स्वतःचं विकर मेलेलं असतं, पण गव्हाच्या कच्च्या पिठात ते थोडं असतं. ओट्सचं आणि गव्हाचं पीठ एकत्र भिजवून रात्रभर ठेवलं तर सकाळपर्यंत चिकटपणा घटतो. तासाभरात पोळ्या लाटल्या तर फारसं बिघडत नाही. ओट्स इडली करायची तर डाळ-तांदळाचं पीठ आधी आंबवून घ्यावं आणि ओट्सचं पीठ सकाळी, वाफवायच्या आधी मिसळावं. भाजणीत ही अडचण येत नाही, भाजताना विकरं निकामी होतात. ओट्सचे मफिनसारखे पदार्थ फ्रीझरमध्ये साठवले की त्यांचं बीटा-ग्लुकन पाण्यात उतरायचं प्रमाण घटतं, असंही दिसलंय. शिजलेले जव फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन दिवस बिनधास्त राहतात, बर्फात ठेवायचे कारण नाही.

पहिला आठवडा पोटाचा. ज्यांच्या ताटात आजवर पॉलिशचा तांदूळ आणि मैदा होता त्यांनी पहिल्याच दिवशी पूर्ण माप घेतलं तर तिसऱ्या दिवशी पोट फुगतं, आवाज येतात, आणि ‘मला ओट्स झेपत नाहीत’ असा निकाल लागतो. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना नवं खाद्य मिळाल्यावर वायू होणारच. पहिले पाच-सहा दिवस २० ग्रॅम ओट्स आणि जवाची एकच भाकरी, दुसऱ्या आठवड्यात ३० ग्रॅम आणि दीड भाकरी, तिसऱ्यात पूर्ण माप. बहुतेकांचं पोट तोवर रुळतं. पाणी रोजच्यापेक्षा दोन-तीन भांडी जास्त, नाहीतर तोच तंतू बद्धकोष्ठ करतो. सीलिअ‍ॅक आजार (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो) असलेल्यांना जव आणि गहू दोन्ही वर्ज्य, त्यांनी या वाटेला जायचंच नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर अख्ख्या धान्यातल्या पोटॅशियम-फॉस्फरसचा विचार आधी डॉक्टरांबरोबर व्हायला हवा. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि ओट्स यांच्यात किमान तासाभराचं अंतर ठेवावं, तंतू तिचं शोषण अडवतो.

तिसऱ्या आठवड्यापासून खरा प्रश्न येतो तो जागेचा. ओट्स पोह्यांच्या किंवा साबुदाण्याच्या खिचडीच्या जागी यायला हवेत, आणि दोन भाकऱ्या तीन तेल लावलेल्या पोळ्यांच्या जागी. प्रत्यक्षात पुष्कळ घरांत काय होतं? सकाळी ओट्स ‘औषध’ म्हणून, आणि अर्ध्या तासानं नेहमीचा नाश्ता. ४५ ग्रॅम ओट्स म्हणजे १७० कॅलरींच्या आसपास. रोज तेवढ्या वाढल्या तर तीन महिन्यांत वजन आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही चढतात. दुसरी गळती भाकरीवरच्या लोण्याची. एका मोठ्या चमचाभर लोण्यात ७ ग्रॅमच्या आसपास संतृप्त मेद असतो आणि तो एलडीएल चढवतो, म्हणजे धान्यानं उतरवलेलं थोडंफार परत वर जातं. सुक्या खोबऱ्याच्या चटणीचंही तेच. शेंगदाणे, तीळ, कारळे यांच्या चटण्या ठेवाव्यात, आणि जवसाची तर अवश्य. घोटाळ्यात आलेली जवस इथे कामी येते. तिसरी गळती बिस्किटांची. ‘डायजेस्टिव्ह’, ‘ओट्स’, ‘मल्टिग्रेन’ काहीही नाव असलं तरी मागे मैदा आणि पामतेल वाचायला मिळतं. ब्राउन ब्रेडचा रंग पुष्कळदा कॅरॅमलचा असतो. तेलाच्या डब्यावरच्या ‘कोलेस्ट्रॉल फ्री’बद्दल तर बोलायलाच नको, वनस्पतीजन्य कुठल्याच तेलात कोलेस्ट्रॉल नसतं.

इथवर वाचून ज्वारी-बाजरीवर अन्याय झाल्यासारखा वाटेल. तसं नाही, त्यांचं काम वेगळ्या रकान्यात दिसतं. आपल्याकडे नुसतं एलडीएल वाढलेलं असणारी माणसं कमी, ट्रायग्लिसराइड चढलेले आणि एचडीएल खाली, ही जोडी जास्त. तिचं मूळ बरंचसं मैदा, साखर, पॉलिशचा तांदूळ आणि बसून राहण्यात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम पॉलिशच्या तांदळात तंतू ३ ग्रॅमहून कमी, मैद्यातही तेवढेच, ज्वारीत १०, बाजरी-नाचणी-गव्हात ११ च्या आसपास आणि जवात १५ च्या वर. दुपारचा भात निम्मा करून भाकरी आली की पोट लवकर भरतं, साखर हळू चढते, ट्रायग्लिसराइड उतरू लागतात. इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये भरडधान्यांवरच्या १९ अभ्यासांची गोळाबेरीज केली तेव्हा एकूण कोलेस्ट्रॉलमध्ये ८ टक्क्यांची घट निघाली. अभ्यास छोटे होते आणि भरडधान्यानं नेमकी कुणाची जागा घेतली ते प्रत्येकात वेगळं, म्हणून आम्ही तो आकडा कुणाला वचन म्हणून देत नाही. पण भाकरी ताटात ठेवायला तेवढं कारण पुरे. आणि खरं सांगायचं तर जव-ओट्सचा बेत बारा आठवडे टिकतो तो भाकरीमुळेच. ती नसेल तर हे सगळं पथ्यासारखं वाटू लागतं.

बाजरीची एक खोड माहीत हवी. तिच्यात तेल जास्त आणि ते तोडणारं विकरही, त्यामुळे दळलेलं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट, खवट होतं, उन्हाळ्यात त्याआधीच. थोडं थोडं दळावं. जवाचं पीठ महिनाभर राहतं. गिरणीत ‘बारीक’ सांगायचं नाही आणि घरी चाळायचं नाही. चाळणीत उरतं तेच विकत घ्यायला आपण गेलो होतो.

फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. सहाव्या आठवड्यात उत्सुकतेपोटी तपासणी करणाऱ्यांना आम्ही अडवत नाही, पण निष्कर्ष बाराव्या आठवड्यानंतरच काढतो, आणि पुन्हा दोन नमुन्यांच्या सरासरीवर. आधीची सरासरी १५८ आणि आता १४६ आली तर घट साडेसात टक्क्यांची, म्हणजे धान्यानं आपलं काम केलं. १३५ आली तर त्यात तेलातुपाचा आणि वजनाचा वाटा आहे. १५५ आली तर गोंधळून न जाता आठवडाभराची नोंद काढायची, कोरड्या वजनासकट. बहुतेक वेळा ओट्स ४५ वरून ‘दोन चमचे’ झालेले असतात, किंवा गिरणीवाल्यानं जव संपले म्हणून गहू घातलेला असतो. मापं बरोबर असूनही हलत नसेल तर इसबगोल जोडता येतो. दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास भुसा, दोन भागांत, प्रत्येक वेळी भरपूर पाण्याबरोबर आणि औषधांपासून दोन तास दूर. त्याचा चिकटपणा वेगळ्या जातीचा, म्हणून ओट्सला दाद न देणाऱ्यांनाही कधी कधी लागू पडतो. धान्य बंद केलं तर काही आठवड्यांत आकडे मूळ जागी परततात, हेही इथेच सांगून ठेवतो.

एलडीएल १९० किंवा त्याहून वर असेल तर ही बारा आठवड्यांची वाट बघायची नाही, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी पहिल्या दिवसापासून आणि जव-ओट्स तिच्या जोडीला. घरात कुणाला पन्नाशीच्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल तर शक्यता अशी की यकृताच्या पेशींवरचे एलडीएल ओढून घेणारे ग्राही (रिसेप्टर) जन्मतःच कमी आहेत. मग पित्ताम्लांची तूट पाडूनही ते फारसं ओढलं जात नाही. अशा घरात सख्ख्या भावंडांची आणि मुलांची लिपिड तपासणी करून घ्यावी, मूल शाळकरी असलं तरी.